नळ थांबेपर्यंत

आमच्या अंगणातला नळ बंद केल्यावरही थोडा वेळ ठिबकत राहायचा, पण आमच्या घरात त्याला गळणं म्हणायची सोय नव्हती. तो पोट रिकामं करतोय, असं म्हणायचं. हा आमच्या ह्यांचा कायदा. पाहुणा आला, पाय धुऊन नळ बंद केला आणि ठिबक बघून पुन्हा पिळायला लागला, की हे आतून ओरडायचे, पिळू नका, थांबा जरा! मग त्या बिचाऱ्याला चहाच्या आधी नळाचं शास्त्र ऐकावं लागायचं. मी तेवढ्यात पोहे करून घ्यायचे. वेळ भरपूर मिळायचा.

आम्ही आखातात, झिंजमध्ये एका जुन्या घराच्या तळमजल्यावर राहायचो. वर घरमालक, खाली आम्ही, आणि मागे गाडी उभी राहील एवढं फरशीचं अंगण. मी चिपळूणकडची. बाहेरून आलेल्या माणसानं पाय धुतल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही, हे माझ्या हाडात बसलेलं. त्यामुळे भाड्याचं घर बघतानासुद्धा मी आधी अंगणात नळ आहे का ते बघितलं होतं, खोल्या नंतर. हे हिद्दच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला. संध्याकाळी येताना पॅंटच्या मुडपात पांढरी धूळ घेऊन यायचे. गाडी लावायची, बूट काढायचे, नळावर पाय धुवायचे, मग दार. इतकी वर्षं तेच.

पण साधा नळ तिथे टिकत नसे. भिंत पश्चिमेची. उन्हाळ्यात दुपारी त्या नळाला हात लावला तर चटका बसायचा. इथल्या उन्हाळ्याचं काय सांगावं, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की आम्ही गीझर बंद ठेवून आंघोळीला गीझरचंच पाणी घेतो. तो घरात सावलीला असतो ना! आणि थंडचा म्हणून जो नळ आहे तो सोडला तर अंग भाजून निघतं. तर अशा उन्हात नळातला रबराचा वायसर दर वर्षी करपायचा, आणि हे दर वर्षी बदलत बसायचे.

मग लेकीचं बाळंतपण आलं. ती कॅनडात. आम्ही दोघं ऐन थंडीत तिकडे गेलो. मी डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतविडा असली तयारी नेली होती आणि आजोबा झालेला हा माणूस तिथे प्रेमात पडला तो नळाच्या. जावयाच्या घराबाहेरच्या भिंतीवर एक नळ होता. त्याचं तोंड आणि चाक तेवढं बाहेर, पण आतून त्याला हातभर नळी आणि नळीच्या पोटात लांब दांडा. पाणी अडवायचा वायसर त्या दांड्याच्या आतल्या टोकाला, म्हणजे उबदार घरात. बाहेर बर्फ पडला तरी पाणी गोठत नाही, कारण चाक बंद केलं की नळीत उरलेलं पाणी ठिबकून बाहेर पडतं आणि नळी कोरडी होते. हे तिथे बर्फात कानटोपी घालून बसून त्या नळाकडे बघायचे. जावई मला हळूच म्हणाला, बाबा बरे आहेत ना?

येताना नातवाच्या फोटोंबरोबर ह्यांच्या बॅगेत तसलाच एक नवा नळ होता. खोक्यावर बर्फाच्या कणाचं चित्र. विमानतळावर तपासणीच्या माणसानं ती लांब नळी उलटसुलट करून बघितली, खोक्यावरचा बर्फ बघितला, ह्यांच्याकडे बघितलं, आणि मान हलवत परत दिली. घरमालक मात्र गप्प बसणारा नव्हता. हे भिंतीला भोक पाडत होते तेव्हा तो वरून वाकून त्याच्या मोडक्या हिंदीत म्हणाला, इधर बर्फ आयेगा, इंशाल्ला? आणि स्वतःच पोट धरून हसला. मीही हसले. हौसेला मोल नाही म्हणतात ते खोटं नाही.

ह्यांचं म्हणणं साधं होतं. तिकडे वायसरला थंडीपासून आत लपवतात, इकडे उन्हापासून लपवू. वायसर स्वयंपाकघराच्या भिंतीत, सावलीला बसेल. तिकडचे आटे इकडच्या पाइपाला बसेनात, तर ह्यांनी कारखान्यातून जोड बनवून आणला. नळीला बाहेरच्या बाजूला किंचित उतार दिला, म्हणजे पाणी आत साठायला नको. आणि खरंच, तो वायसर पुढे कितीतरी उन्हाळे टिकला. फक्त एक पथ्य. चाक हलक्या हातानं बंद करायचं आणि थांबायचं. ठिबक बघून घाबरून पिळत बसलं की आतला वायसर चेपतो, आणि मग नळ खरोखरच गळायला लागतो. हे मी गाडी धुणाऱ्याला शिकवलं, घरमालकाच्या ड्रायव्हरला शिकवलं, नातवाला फोनवरून शिकवलं. तो इंग्रजीत म्हणाला, आज्जी, आय नो, टमी एम्प्टी.

गेल्या हिवाळ्यात नळ गळायला लागला. पोट रिकामं करणं नव्हे, गळणंच. सकाळी बघावं तर फरशीवर ओल, कडेला शेवाळ. मला राग पटकन येतो. गाडी धुणाऱ्यावर माझा संशय, कारण तो दणकट. त्याला विचारलं तर शपथा घ्यायला लागला. ड्रायव्हर सुट्टीवर. म्हटलं, आता चोर पकडायचाच. संध्याकाळी दोरीवरचे कपडे काढायच्या निमित्तानं मी मागच्या दाराशी उभी राहायला लागले.

दुसऱ्याच दिवशी चोर सापडला. ह्यांची गाडी आली. बूट काढले, पाय धुतले, चाक बंद केलं. नळ ठिबकत होता. हे त्याच्याकडे बघत राहिले, आणि मग दोन्ही हातांनी पिळायला लागले. ठिबक थांबेना. गाडीची डिकी उघडून पाना आणला आणि चाकाला लावून दात-ओठ खाऊन पिळलं. मग नळाकडे असं बघितलं, जसं परक्या घरातल्या नळाकडे बघावं. मी कपडे छातीशी धरून तशीच उभी. 

त्या क्षणापर्यंत मी बऱ्याच गोष्टींवर पांघरूण घातलं होतं. हिद्दहून घरी येताना एकदा हे भलत्याच दिशेला, थेट अमवाजला जाऊन पोहोचले होते आणि ट्रॅफिक होतं म्हणाले. जेवताना कारखान्यातली तीच गोष्ट ताट संपायच्या आत दुसऱ्यांदा सांगायचे. चहा पिऊन कप खाली ठेवायचे आणि चहा टाकतेस का विचारायचे. मी म्हणायचे, साठी बुद्धी नाठी! हेही हसायचे. लेक फोनवर म्हणायची, आई, डॉक्टरला दाखवा. ह्यांना सांगितलं तर उसळायचे, मला काय धाड भरलीय? मला तेच हवं असायचं. माणूस एवढा ठणठणीत ओरडतोय म्हटल्यावर आजारी कसा असेल?

पण नळाचं तसं नव्हतं. तो त्यांचा स्वतःचा शोध होता. तोच विसरले तर मागे उरलं काय?

आणि दुसरी एक गोष्ट होती. ह्यांच्या कारखान्यात मोठमोठ्या टाक्या आहेत. त्या आतून साफ करायला माणसं उतरतात. उतरण्याआधी टाकीत येणारे सगळे पाइप बंद आहेत ना, हे एका माणसानं हातानं बघायचं असतं, आणि तो म्हणाला "बंद आहे" की मगच माणसं आत जातात. तो माणूस म्हणजे आमचे हे. वर्षानुवर्षं हे बंद म्हणाले आणि माणसं आत गेली, आणि संध्याकाळी डबे हलवत घरी गेली. त्यातले काही ईदला आमच्याकडे बिर्याणी आणून द्यायचे. त्यांच्या बायका माझ्या ओळखीच्या. मला रात्री झोप लागेना.

कुणाला सांगावं? साहेबाला सांगितलं तर खलास. नोकरी गेली की व्हिसा जातो, व्हिसा गेला की घर. आणि मी ह्यांच्या पाठीमागे जाऊन असं सांगायचं? निव्वळ एक नळ पिळला म्हणून? माणूस दमलेला असतो, होतं एखाद्या वेळी. असं माझं मन मला समजावत होतं, आणि मी त्याला ओळखून होते.

शेवटी मी ठरवलं, शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, तर शुक्रवारी ह्यांना नळ दुरुस्त करायला लावायचा. नीट केला तर मी गप्प बसेन, लेकीलाही सांगेन की उगाच घाबरलो. नाही जमलं तर रविवारी कारखाना उघडल्यावर मी स्वतः साहेबाला फोन करेन. बायकोनं नवऱ्याची परीक्षा घ्यायची, तीही त्याच्याच नळावर! असलं पाप कुणाच्या वाट्याला येऊ नये.

शुक्रवारी नाश्ता झाल्यावर मी म्हटलं, अहो, तो नळ गळतोय हो, बघता का? हे लगेच उठले. मी धास्तावून मागे मागे. पण काय सांगू, त्या सकाळी हे पूर्वीसारखे होते. आधी स्वयंपाकघरात ओट्याखाली वाकून आतला कॉक बंद केला. मग बाहेर येऊन नळ सोडून ठेवला, उरलेलं पाणी जाऊ दिलं. जादा वायसर कुठे ठेवलेत ते मला आठवत नव्हतं. ह्यांनी शिडी लावली, माळ्यावरून च्यवनप्राशची जुनी बरणी काढली, आणि त्यात ते होते. मला रडूच यायला लागलं. कांदे चिरायचं निमित्त करून मी आत गेले आणि डोळे पुसून परत आले.

चाकाचा स्क्रू काढला, मागचा नट गाडीतल्या पान्यानं सैल केला, आणि तो लांब दांडा सरळ ओढून बाहेर काढला. टोकाचा वायसर बघितला आणि ह्यांचा चेहराच बदलला. तो चेपून पापडासारखा झाला होता, मधोमध गोल खाच पडलेली. ह्यांनी तो बोटावर घेतला, मग चाक उचलून उन्हात धरलं. त्याच्या कडेला पान्याचे ओरखडे होते.

"कुणी पिळलाय हा?" ह्यांनी विचारलं. "पाना लावून पिळलाय. कोण गाढव आहे?"

माझ्या तोंडून निघालं, "मी."

मग जे काही मला ऐकावं लागलं! किती वेळा सांगितलंय, नळीत पाणी उरतं, ते बाहेर पडू द्यायचं, त्याला वेळ लागतो, तुला कधी धीर म्हणून नाहीच, लग्नाच्या दिवशीसुद्धा अंतरपाट खाली यायच्या आधी हार घालायला निघाली होतीस. सगळं शास्त्र पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. मी फरशीवर बसून ती बोलणी खात होते. आयुष्यात इतक्या आनंदानं मी कुणाची बोलणी खाल्ली नाहीत. मनात म्हटलं, ओरडा, अजून ओरडा. आता लेकीला फोन करते आणि सांगते, तुझे बाबा शाबूत आहेत.

नवा वायसर बसला. दांडा आत गेला, नट आवळला, चाक लागलं. मी आत जाऊन ओट्याखालचा कॉक सोडला. हे अंगणात पाय धुवायला उभे राहिले, कारण गुडघे मातीचे झाले होते. पाणी छान धारेनं आलं. पाय धुतले, चाक हलक्या हातानं बंद केलं. मी दारात टॉवेल घेऊन उभी होते.

नळ ठिबकायला लागला, जसा नेहमी ठिबकतो.

हे बघत होते. मग ह्यांचा हात चाकाकडे गेला आणि पिळायला लागला. घाईनं, घाबरून. दुसऱ्या हातानं फरशीवरचा पाना उचलला.

टॉवेल तिथेच टाकून मी गेले आणि ह्यांच्या हातावर हात ठेवला. म्हटलं, थांबा. तो पोट रिकामं करतोय. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. ठिबक सावकाश झाली, आणखी सावकाश झाली, आणि थांबली.  ह्यांनी कौतुकानं माझ्याकडे बघितलं.

"अरे वा! हे तुला कुणी शिकवलं?"

खोटं बोलावं असं एकदा मनात आलं. पण सकाळी एक खोटं बोलून झालं होतं, आणि त्यानं काय भलं झालं होतं?

"तुम्ही," मी म्हटलं.

हे हसले. मग हसू हळूहळू गेलं. ह्यांनी नळाकडे बघितलं, हातातल्या पान्याकडे बघितलं, चाकाच्या कडेच्या ओरखड्यांवरून अंगठा फिरवला. पान्याचा जबडा त्या ओरखड्यांना लावून बघितला. बरोबर बसला. आयुष्यभर बिघडलेल्या यंत्राजवळ उभं राहून हे असंच बघत आले होते, काय झालं असेल, कुणी काय केलं असेल. मला सांगायची गरजच पडली नाही.

"म्हणजे मीच," हे म्हणाले.

मी मान हलवली. कधीपासून, असं ह्यांनी विचारलं. मी अमवाजचं सांगितलं, चहाचं सांगितलं. हे खाली फरशीवर बसले. पाय अजून ओले होते. वरच्या मजल्यावर घरमालकाच्या घरी शुक्रवारच्या जेवणाला माणसं जमली होती, त्यांचा आवाज येत होता. मी टॉवेल उचलून ह्यांचे पाय पुसले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं मी कधी केलं नव्हतं आणि ह्यांनी कधी करू दिलं नसतं. त्या दिवशी करू दिलं.

पाय पुसून झाल्यावर हे म्हणाले, "रविवारी टाकी आहे. माझ्या सांगण्यावरून कुणी आत उतरायला नको." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मी साहेबांना सांगतो. पण रविवारपर्यंत विसरलो, तर तू सांग."

मी हो म्हटलं. देवाला म्हटलं, एवढं तरी ह्यांच्या लक्षात राहू दे. सांगायची वेळ माझ्यावर आणू नको.

शनिवारी हे शांत होते. लेकीशी बोलले, नातवाला नळ दुरुस्त केल्याचं सांगितलं. रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात होते, तर हे कारखान्याचा शर्ट, पॅंट घालून, बूट चढवून, गाडीची किल्ली हातात घेऊन माझ्यासमोर उभे. चेहरा अगदी मोकळा. म्हणाले, डबा दे गं, आज टाकीचं काम आहे, लवकर जायचंय.

मी डबा भरला नव्हता. मी गॅस बंद केला, हात पुसले आणि सांगितलं. शुक्रवारी आपण काय बोललो ते, एकेक करून.  ऐकता ऐकता ह्यांनी किल्ली ओट्यावर ठेवली. मग फोन काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, तूच लाव, माझ्याच्यानं बोलवणार नाही.

साहेब दक्षिणेकडचे, सज्जन माणूस. मी हिंदीत जमेल तसं सांगितलं की आज ह्यांच्या शब्दावर कुणालाही आत सोडू नका, आणि का ते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, आज टाकी उघडणार नाही, भाभी, आणि त्यांना म्हणावं आराम करा.

फोन ठेवून वळते तर हे मागच्या दारानं अंगणात गेले होते. मी खिडकीतून बघितलं. कुठेच गेले नव्हते, तरी खाली वाकून बूट काढले, मोजे काढले, आणि संध्याकाळी घरी आल्यावर धुवायचे तसे नळावर पाय धुतले. चाक बंद केलं. नळ ठिबकायला लागला आणि ह्यांचा हात पुन्हा चाकाकडे गेला.

मी आतूनच म्हटलं, "थांबा जरा."

थांबले.